प्रेमाच्या कादंबऱ्या मांडवापाशीच का थांबतात?

मृद्गंधा

नमस्कार. मी प्रेमाच्या आणि भावनाप्रधान कादंबऱ्या आवडीने वाचते आणि चारचौघांत हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायला गेले की तिथल्या काकू मी काही बोलायच्या आतच खांडेकरांच्या कपाटाकडे वळतात. 'ययाति' मी पहिल्यांदा वाचली ती पदवीच्या परीक्षेच्या तोंडावर. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघेही आपापली हकीकत स्वतःच्याच तोंडाने सांगत असल्यामुळे ज्याचे प्रकरण चालू असेल त्याचे म्हणणे पटत जाते, आणि शेवटी रागवायचे कोणावर हेच कळेनासे होते.

'अमृतवेल' तर मी पुन्हा पुन्हा वाचते. ज्याच्याशी आयुष्य जोडायचे ठरले होते तो शेखर विमानाच्या अपघातात गेल्यावर नंदा दुसऱ्या एका घरी सोबतीण म्हणून जाते, आणि तिथे वसू व देवदत्त यांच्या विस्कटलेल्या संसारात गुंतता गुंतता तिचे स्वतःचे दुःख मागे सरत जाते. नंदाला तिचे प्रेम परत मिळत नाही, पण म्हणून खांडेकर तिला संपलेली बाई मानत नाहीत, हे मला फार भावते. सुभाषितांचा मारा अंमळ जास्त आहे, हे मान्य करूनही भावते.

आता प्रश्नाकडे वळते. एकामागोमाग एक अशा कादंबऱ्या वाचत गेल्यावर माझ्या लक्षात आले की बहुतेक ठिकाणी नायक-नायिकेचे जमले की पुस्तक संपते, आणि जमणार नसेल तर दोघांपैकी एकाला मरण येते. वाचनालयाच्या एका प्रतीवर पहिल्याच कोऱ्या पानावर कोणी तरी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, 'शेवट रडका आहे, रात्री वाचू नये', आणि त्याखाली निराळ्या अक्षरात दुसऱ्या कोणी उत्तर दिले आहे, 'म्हणूनच वाचावी'. मला त्या दोघांच्याही मध्ये कुठे तरी बसणारे पुस्तक हवे आहे. दोघांचे जमल्यानंतर त्या प्रेमाचे पुढे काय होते, ते वाढते, विटते की रूप बदलते, हे मन लावून सांगणाऱ्या मराठी कादंबऱ्या कोणत्या आहेत? सासू-सुनांच्या कुरबुरी असलेली संसारकथा मला अभिप्रेत नाही. विषय प्रेमाचाच हवा.

निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर

मृद्गंधाताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर जरा मागे जावे लागेल, कारण मराठीत प्रेमाची कादंबरी आधी लग्नापाशी संपत नव्हती, ती लग्नानंतर सुरू होत होती. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' मधून क्रमशः येऊ लागली. विधवेच्या छळाची आणि केशवपनाची कादंबरी म्हणून ती शिकवली जाते व ते योग्यच आहे, पण तिच्या मधल्या भागात यमू आणि रघुनाथराव यांचे जे सहजीवन आले आहे, ते मराठीतल्या पहिल्या खऱ्याखुऱ्या प्रेमवर्णनांपैकी एक आहे असे मी मानतो. त्या काळी मुलीचे लग्न अजाणत्या वयात होई. त्यामुळे आधी अक्षता, मग ओळख, मग मैत्री आणि जमलेच तर प्रेम, असाच क्रम असे. एकत्र कुटुंबात नवऱ्याशी दिवसाउजेडी चार शब्द बोलण्याचीही सोय नव्हती. मुंबईला बिऱ्हाड झाल्यावर ही दोघे मोकळेपणाने बोलू लागतात, आणि तिथे यमूच्या सांगण्यालाही एक उत्साह येतो. एरवी दबून, जपून बोलणारी ती बाई त्या दिवसांबद्दल सांगताना थांबतच नाही. हे सुख हरिभाऊंनी इतके रमून लिहिले नसते, तर रघुनाथराव गेल्यावर शंकरमामंजींच्या घरात तिच्यावर जे ओढवते त्याने वाचकाच्या पोटात इतके तुटले नसते.

मग मांडव पुस्तकाच्या शेवटी कसा गेला? माझ्या मते त्याचे कारण समाजात आहे आणि तंत्रातही आहे. मुली शिकू लागल्या, लग्नाचे वय वाढले, कॉलेजात मुले-मुली एका वर्गात बसू लागली, आणि लग्नाआधी एकमेकांना पाहण्याची, आवडण्याची, नाकारण्याची शक्यता निर्माण झाली. ना. सी. फडके नेमके याच वळणावर आले. ते आमच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. 'जादूगार' १९२८ ची, 'दौलत' १९२९ ची. त्यांची नायिका टेनिस खेळते, नायक सुटाबुटात असतो, आणि पहिल्या पानावरच अशी काही भेट घडते की पुस्तक खाली ठेववत नाही. कादंबरी कशी रचावी हे त्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधना' त सांगूनच टाकले. उत्कंठा वाढवायची, गुंता घालायचा, तो अगदी शेवटपर्यंत ताणायचा आणि मग उकलायचा. आता ज्या कादंबरीचा प्राण अडथळ्यात आहे, ती अडथळा दूर झाल्यावर आणखी वीस पाने कशाच्या जोरावर चालणार? आपली जी तक्रार आहे ती मराठी प्रेमकथेबद्दल कमी आणि फडक्यांनी घालून दिलेल्या या घडणीबद्दल जास्त आहे. खांडेकरांनी फडक्यांशी 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' असा वाद जन्मभर घातला, पण गुंता आणि उकल यांची ओढ त्यांनाही सुटली नाही.

लग्नानंतरचे प्रेम पाहायचे असेल तर रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) आपण वाचलीच असेल. ही थोरल्या माधवरावांची राजकीय कादंबरी आहे, तिला १९६४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, वगैरे सर्व खरे. पण आमच्या वाचनालयात ती वर्षानुवर्षे कपाटात टिकत नसे, ती निजामाच्या आणि हैदरच्या मोहिमांसाठी नव्हे, रमाबाईंसाठी. राज्यकारभार, काकांचे कारस्थान आणि क्षय यांतून उरलेल्या वेळात ही दोघे एकमेकांना भेटतात, आणि तो वेळ कमी कमी होत जातो हे वाचकाला त्यांच्या आधीच माहीत असते. शेवटी थेऊर आहेच, पण तिथला मृत्यू १७७२ सालीच लिहिला गेला होता, देसाईंना त्यात निवड नव्हती.

आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर मात्र श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२) हेच आहे. गावाने ओवाळून टाकलेला बापू आणि चहाच्या हॉटेलात बसणारी, जिचे नाव गाव धडपणे घेत नाही अशी राधा. यांचे जमते, आणि कादंबरी तिथे थांबत नाही. गावाच्या नाकावर टिच्चून ही दोघे एकत्र राहतात, सुपारीच्या व्यापारात बापू वर येतो, आणि ज्यांनी तोंडे फिरवली होती त्यांना त्याच्या दाराशी यावे लागते. या सगळ्यात राधेचे आणि बापूचे बोलणे कधी गुळगुळीत होत नाही. ती त्याला फटकारते, तो चिडतो, आणि दोघांना एकमेकांवाचून करमत नाही हे पेंडसे एकदाही स्पष्ट शब्दांत सांगत नाहीत.

शंकेखोर

ग्रंथपालकाकांचा इतिहास पटला, पण मूळ तक्रारच मला मान्य नाही. शेवटी कोणी मेले म्हणून कादंबरी रडकी ठरत नाही, आणि दोघे जिवंत राहून पुढे वांगी निवडू लागले म्हणून ती खरी ठरत नाही. मृत्यू लेखकाने सोयीसाठी घातला आहे का, एवढेच पाहावे.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९ साली आलेली ही छोटेखानी कादंबरी, त्यांनी लिहिलेली एकमेव. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर विध्वंस या मराठी तरुणाची हेर्टाशी गाठ पडते. हेर्टा जर्मन ज्यू आहे, हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून निघाली आहे, आणि तिला उतरायला हक्काचा देश कुठेच नाही. चक्रधरला उतरायला मुंबई आहे. आधीच्या एका प्रेमाने त्याचे मन कडू झालेले, त्यामुळे सुरुवातीला तो या सगळ्याकडे बोटीवरचा चार दिवसांचा खेळ म्हणूनच पाहतो, आणि हेर्टा तसे पाहत नाही. बोट मुंबईला लागते, तो उतरतो, ती पुढे पूर्वेकडे जाते. नंतर येतात ती तिची पत्रे.

या कादंबरीत पुढे काय झाले असते असा प्रश्न मला कधी पडला नाही, कारण पुढे होण्यासाठी चक्रधरने जे करायला हवे होते ते तो करत नाही, आणि कादंबरी आहे ती त्या न करण्याचीच. हेर्टाचा शेवट काढून टाकला तर चक्रधर सुटतो. बेडेकर त्याला सुटू देत नाहीत. ज्या वर्षी ही प्रसिद्ध झाली त्याच वर्षी युद्ध सुरू झाले, हेही ध्यानात घ्यावे. बोटीवरच्या त्या माणसांचे पुढे काय होणार आहे, हे त्या वेळच्या वाचकाला आपल्याइतके ठाऊक नव्हते, आणि तरीही पाने उलटताना सबंध बोटीवर एक भीती पसरलेली जाणवते. हेर्टाच्या प्रेमात जी घाई आहे, ती या भीतीतून आली आहे. तिच्याकडे थांबून विचार करायला वेळच नाही.

जमल्यानंतरचे हवेच असेल, तर बेडेकरांच्याच घरातले दुसरे पुस्तक सुचवतो. त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी विभावरी शिरूरकर या नावाने १९३४ साली 'हिंदोळ्यावर' लिहिली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याच्याबरोबर राहायचे ठरवते, तिला मूल हवे आहे, आणि कायद्याने ती पहिल्या नवऱ्याचीच बायको आहे. मुंबई इलाख्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाची वाट मोकळी झाली ती १९४७ च्या कायद्याने, म्हणजे कादंबरीनंतर तेरा वर्षांनी. इथे प्रेम जमण्यात अडचण नाही, ते चालवण्यात आहे: शेजारी, नातेवाईक, येणाऱ्या मुलाचे नाव. टोपणनावामागची बाई कोण, यावरून त्या काळी महाराष्ट्रात जी चर्चा झाली तीवरूनच कळते की लोकांना हे पुस्तक कुठे झोंबले होते.

चेन्नईकर

खांडेकरांचा विषय निघाला म्हणून आधी एक सांगते. मी लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मामींशी काय बोलावे हा प्रश्न होता. त्यांनी एकदा माझ्या हातात 'ययाति' पाहिली आणि मुखपृष्ठावरून ओळखून खांडेकरांच्या कादंबऱ्यांची नावेच म्हणायला सुरुवात केली. का. श्री. श्री. यांनी केलेले खांडेकरांचे तमिळ अनुवाद त्यांनी मुलीच्या वयात वाचले होते, आणि खांडेकर तमिळ नाहीत हे त्यांना बऱ्याच उशिरा समजले होते. शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणारा हा माणूस दक्षिणेतल्या घराघरांत कसा पोचला, याचे मला अजूनही नवल वाटते. मामींना 'उल्का' सर्वांत प्रिय. मला त्या कादंबरीचे एवढे अप्रूप नाही, पण त्यांच्यापुढे मी तसे बोलत नाही.

मृद्गंधाताई, तुम्ही जे मागता आहात त्यासाठी माझे उत्तर पु. शि. रेगे यांची 'सावित्री' (१९६२) हे आहे. ही पत्ररूप आहे. सगळी पत्रे सावित्रीची, ज्याला लिहिली त्याचे एकही पत्र नाही, त्याचे नावसुद्धा नाही. काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे. ती दक्षिणेतून लिहिते, पुढे जपानमधून लिहिते, मध्ये आप्पांबद्दल, राजम्माबद्दल, नाटकाबद्दल सांगते, आणि 'माझे तुमच्यावर प्रेम आहे' या धर्तीचे वाक्य जवळजवळ कुठेच लिहीत नाही. लच्छी आणि मोराची एक छोटी गोष्ट तिच्या पत्रात येते. लच्छीला मोर हवा असतो, आणि मोर हवा असेल तर आपणच मोर व्हायला हवे, अशी काहीशी त्या गोष्टीची दिशा आहे. तीच गोष्ट सबंध कादंबरीला पुरते. सावित्रीला त्या माणसाचा ध्यास आहे, पण त्याची वाट पाहत ती थांबून राहत नाही. ती शिकते, प्रवास करते, दुसऱ्याचे मूल वाढवते, आणि या सगळ्यातून ती अशी होत जाते की जो कोणी तिकडे पत्रे वाचत असेल त्याला तिच्याकडे यावेसे वाटावे.

हे पुस्तक पातळ आहे म्हणून भरभर वाचू नये, एवढीच विनंती. एका बसणीत मी ते संपवले तेव्हा हाती काही लागले नाही, आणि रोज रात्री एक-दोन पत्रे असे वाचले तेव्हा दिवसभर पुढच्या पत्राची ओढ राहिली.

मृद्गंधा

सर्वांचे मनापासून आभार. शंकेखोर, वांगी निवडण्याबद्दल आपण जे लिहिले आहे त्यावर माझा आक्षेप आहे. वांगी निवडता निवडता दोन माणसांचे प्रेम टिकते कसे, हे लिहिणे बोटीवरच्या चांदण्यापेक्षा अवघड असणार, म्हणूनच तर मी विचारते आहे. 'रणांगण' मी वाचली आहे, आणि ती मोठी कादंबरी आहे यात वाद नाही, पण तिथे दोघांना एकत्र कंटाळण्याइतका वेळच मिळत नाही.

'स्वामी' बद्दल ग्रंथपालकाकांशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या घरी आई आणि मावशी या कादंबरीवरून अजून भांडतात. मावशीच्या मते रमाबाईंचे सती जाणे हा प्रेमाचा कळस आहे, आणि आईच्या मते त्या जागी रमाबाई स्वतः काय विचार करत होत्या हे देसाईंनी पुरेसे विचारलेच नाही. मी आईच्या बाजूची आहे.

व. पु. काळे यांच्या 'पार्टनर' बद्दल कोणीच काही बोलले नाही. वपुंची वाक्ये फोनवर सुप्रभातासोबत फिरू लागल्यापासून त्यांचे नाव घेणे कमीपणाचे झाले आहे काय? श्री आणि किरण यांचा संसार मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्यात सुटी वाक्ये दिसत नाहीत. लग्न झाल्यावर घरातल्या इतर माणसांमुळे दोघांमध्ये जी अढी बसत जाते, ती दिसते.

उत्तरदुपार

मृद्गंधाताई, 'पार्टनर' मलाही आवडते, पण त्यातली किरण नेहमी श्रीच्या नजरेतूनच दिसते, हे तुम्हाला खटकले नाही का? तिला काय वाटले, हे तिने सांगितले असते तर ती कादंबरी निराळी झाली असती. ती निराळी कादंबरी गौरी देशपांडे यांनी लिहिली आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा लिहिली आहे.

'एकेक पान गळावया' (१९८०) या पुस्तकात तीन दीर्घकथा आहेत: 'कारावासातून पत्रे', 'मध्य लटपटीत' आणि शीर्षककथा. तिथून सुरुवात करा आणि मग 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत', 'दुस्तर हा घाट आणि थांग', 'मुक्काम', 'गोफ' या क्रमाने जा. गौरीबाईंच्या नायिकेला बहुधा नवरा असतो, मुली असतात, मुली मोठ्या झालेल्या असतात, आणि इतर लेखक जिथे बाईला देवघरात बसवतात त्या वयात ही बाई प्रेमात पडते, किंवा ज्याच्यावर पंचवीस वर्षे प्रेम केले त्याच्याकडे नव्याने पाहून 'आता काय?' असे विचारते. ग्रंथपालकाकांनी सांगितलेला क्रम इथे पार उलटापालटा झालेला आहे. आधी लग्न आणि मग प्रेम नाही, आधी प्रेम आणि मग लग्नही नाही. लग्न आणि प्रेम ही दोन्ही चालू असतात, आणि ती एकाच माणसाशी चालू असतील अशी हमी नसते.

महर्षी कर्व्यांची नात आणि इरावतीबाईंची मुलगी असल्यामुळे त्यांचे लेखन स्त्रीमुक्तीच्या चौकटीतच वाचण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्याने त्यांच्या प्रेमकथाकार असण्याकडे दुर्लक्ष झाले, ही माझी जुनी तक्रार आहे. त्यांची निवेदिका बोलते कशी, ते पाहा. एका लांबलचक वाक्यात संस्कृत श्लोकाचा तुकडा येतो, त्याला लागून एखादा फटकळ घरगुती शब्द येतो, आणि वाक्य संपता संपता तिने नकळत कबूल केलेले असते की हा माणूस जवळ नसला की तिला घर खायला उठते. हे कबूल करून ती पुढच्याच वाक्यात स्वतःची टिंगल करते. प्रेमात मालकी नको, हे त्यांचे म्हणणे कोरडा सिद्धान्त वाटत नाही, कारण मालकी नको म्हणणाऱ्या बाईलाही मत्सर होतो, आणि तो होतो हे त्या लपवत नाहीत.

उणे काय आहे तेही सांगते. या बायका परदेशी जातात, पुरुष देखणे आणि समंजस असतात, पैशाची ददात नसते. एकीकडे भाडे थकलेले आहे आणि दुसरीकडे मन गुंतले आहे, अशी बाई त्यांच्याकडे सापडणार नाही. तिच्यासाठी तुम्हाला पेंडशांच्या राधेकडेच जावे लागेल.

पेठेतला वाचक

ही सगळी मानाच्या पंगतीतली नावे झाली. ज्यांच्या जोरावर गल्लीबोळातली भाड्याने पुस्तके देणारी दुकाने चालली, ती नावे कोणी घेणार आहे की नाही? चंद्रकांत काकोडकर, बाबा कदम, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर. आमच्या आजीने हरिभाऊ वाचले नव्हते, पण सुमतीबाईंची 'महाश्वेता' तिला पाठ होती.

काकोडकरांच्या 'श्यामा'ची गोष्ट तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती छापली गेली, अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात येणाऱ्या नीला, वनिता व श्यामा, असा तिचा विषय. देशातल्या सर्वोच्च न्यायमूर्तींना एका मराठी प्रेमकथेचा सारांश निकालपत्रात लिहावा लागला, हे मला फार गमतीचे वाटते. त्याच साली त्यांच्या 'नीलांबरी' वरून काढलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला.

ही पुस्तके उत्तम वाङ्मय आहेत असा माझा दावा नाही. पण ताईंनी विचारलेला प्रश्न, म्हणजे जमल्यानंतर काय, हा यातल्या लेखिकांनी कितीतरी आधी हाताळलेला आहे. नवऱ्याचे मन दुसरीकडे वळलेले, बाईने घर सोडायचे की नाही, सोडले तर मुलाचे काय, असे प्रश्न त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत 'माहेर' आणि 'मेनका'च्या अंकांतून महिन्यामागून महिने येत राहिले. उत्तरे बहुतेक वेळा जुनी होती, बाई शेवटी घरातच राहत असे. प्रश्न मात्र जुने नव्हते.

निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर

पेठेतल्या वाचकांशी मी सहमत आहे, आणि एक भर घालतो. आमच्याकडे या लेखिकांच्या प्रती सर्वांत आधी फाटत. बांधणीवाल्याकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात त्यांचीच पुस्तके अधिक असत, आणि तरीही वार्षिक खरेदीच्या बैठकीत त्यांची नावे यादीत घालताना कोणी ना कोणी सभासद 'असली पुस्तके कशाला?' असे विचारीच. विचारणारे गृहस्थ घरच्यांसाठी म्हणून तीच पुस्तके नेत असत, ही बाब वेगळी.

नववी ब

प्रश्न जमल्यानंतरचा आहे हे मान्य, पण न जमण्याचा एक तिसराही प्रकार राहून गेला आहे, ज्यात लग्नही होत नाही आणि कोणी मरतही नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४). आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर. तिचा तास, तिचा क्लास, तिची येण्याजाण्याची वाट, एवढ्यावर तो वर्ष काढतो, आणि मग तिच्या वडिलांची बदली होते. बस्स. बदलीच्या हुकुमाने प्रेम संपवणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही, आणि सरकारी नोकरीतल्या बापांच्या मुलांना यातले दुःख निराळे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही मित्र अजून एकमेकांना त्यातल्या आडनावांनीच हाका मारतो.

मृद्गंधा

यादी माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी झाली. 'शाळा' मी प्रश्नाबाहेरची म्हणून बाजूला ठेवणार होते, पण शिरोडकरचे नाव वाचल्यावर ठेववले नाही. उत्तरदुपार यांनी किरणबद्दल जे लिहिले त्याचा विचार करते आहे. 'पार्टनर' पुन्हा वाचताना प्रत्येक प्रसंगी तिच्या जागी बसून पाहीन, आणि तरीही ते पुस्तक मला आवडले तर इथे येऊन सांगेन. सुरुवात 'गारंबीचा बापू' पासून करते, कारण आमच्या वाचनालयात ती लगेच मिळण्यासारखी आहे. 'हिंदोळ्यावर'ची प्रत मात्र तिथे नाही, काकूंनी कपाटे उघडून पाहिली. पुण्यात किंवा मुंबईत ती सध्या कुठे विकत मिळते, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.

शंकेखोर

जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारून पाहतो आणि कळवतो. तोवर 'बापू' संपल्यावर 'रणांगण' पुन्हा एकदा वाचा, आणि या वेळी चक्रधरच्या आधीच्या प्रेमाची पाने सोडू नका. हेर्टाशी तो तसा का वागतो, ते तिथे आहे.